आतला हात

तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी भरलेली ती संतमंडळींची बैठक आपण कीर्तनातून किती वेळा ऐकली असेल! मुक्ताई कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारतात, काका, हे काय? काका सांगतात, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग ही बसलेली मडकी थापटून पाहा की, असे मुक्ताई म्हणतात आणि काका उठून एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत जातात. सारे शांत बसून राहतात. नामदेवराय तेवढे कुरकुरतात. हे मडके कच्चे, असा निकाल होतो. श्रोते हसतात, टाळ वाजतो नि बुवा पुढच्या चरणाकडे वळतात.

मीही पुष्कळ वर्षे असाच पुढे वळत आलो. परंतु या कथेत दोन गोष्टी आहेत, ज्यांपाशी थांबायला हवे होते. पहिली ही की, कच्चे ठरल्यावर नामदेवरायांना कोणी पंक्तीतून उठविले नाही. ते रडत पंढरीस गेले, तर देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठविले. परंपरा सांगते की ती भेट औंढ्या नागनाथाच्या देवळात झाली. (हे औंढा मराठवाड्यातले, आमचे सातारा जिल्ह्यातील औंध नव्हे. आमच्या गावचे भाविक कधी कधी हा मान हक्काने इकडे ओढतात, म्हणून सांगितले.) म्हणजे परीक्षा झाली ती पुढचा गुरू दाखविण्यासाठी झाली. आणि ज्यास कच्चे म्हटले त्याच मडक्याने पंजाबापर्यंत पाणी नेले. शिखांच्या ग्रंथसाहेबात नामदेवरायांची एकसष्ट पदे आज आदराने गाइली जातात.

दुसरी गोष्ट कुंभाराच्या अंगणात बसल्यावाचून कळत नाही. चाकावरून उतरलेले ओले मडके कुंभार थापटतो तेव्हा आपल्याला बाहेरचा हात दिसतो. आतला दिसत नाही. आत दगडाचा गोटा धरून दुसरा हात बरोबर त्याच जागी टेकविलेला असतो. तो नसेल तर पहिल्याच थापेला मडके आत बसते. बाहेरची थाप नसेल तर मडके जाड, बेढब राहते, भट्टीत तडकते. दोन्ही हात लागतात.

हे सारे आज लिहावयास घेतले, याचे कारण एका मुलाचा नि त्याच्या आईचा मी अपराधी आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी औंधास यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी एक सप्ताह होता. त्या रात्री मी जडभरताचे आख्यान लावले होते. कीर्तन संपल्यावर एक माउली मूल काखेत घेऊन आली. म्हणाली, "बुवा, पोरगं तीन वर्साचं झालं, पर अजून आई म्हणत न्हाई. हाक मारली तर वळून बघत न्हाई. निस्तं गाड्याचं चाक फिरवत बसतंय. टाळ वाजला की कानावर हात ठेवून वराडतंय. ह्येला कुटं दावू का?"

मी काय बोललो ते मला शब्दाशब्दांनी आठवते. "माउली, आत्ताच कथा ऐकलीस ना? जडभरतालाही लोक खुळाच म्हणत होते. काही जीव मागची तपश्चर्या घेऊन येतात. देवाचं लेकरू आहे. कुठे दाखवत बसू नकोस, नाम घे." तिचे डोळे भरून आले. ती पाया पडली. मलाही आपण काही फार मोठे सांगितले असे वाटले.

तिने माझे ऐकले, हेच वाईट झाले. चार वर्षे ती कोठे गेली नाही. सातव्या वर्षी तो मुलगा भिंतीवर डोके आपटू लागला. कोणी म्हणे बाहेरचे आहे, कोणी म्हणे देवीचा संचार आहे. अंगारे झाले, एका जाणत्याकडे नारळ झाला. पुढे शाळेत मुलांना तपासावयास आरोग्याचे पथक आले. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या जवळ न जाता, समोर जमिनीवर बसून अर्धा तास नुसते पाहिले. मग आईला विचारले, जेवताना कोणत्या बाजूने चावतो? दाढ किडली होती. पू झाला होता. कित्येक महिने ते लेकरू ठणका सोसत होते नि सांगता येत नव्हते, कारण सांगण्याचे साधन त्याला कोणी शिकविलेच नव्हते. दाढ काढल्यावर आपटणे थांबले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी होऊन त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे ठरले आणि चित्रांच्या पत्त्यांवरून पाणी, भाकरी, दुखते, नको एवढे दाखविणे तो वर्षभरात शिकला. हे तिसऱ्या वर्षी सुरू करता आले असते. मधल्या चार वर्षांवर माझे जडभरत बसले होते.

बोलावयाचा मुद्दा हा, की 'देवाचं लेकरू' हे शब्द खोटे नव्हते. सर्वच लेकरे देवाची. परंतु मी ते शब्द पाहण्याच्या ऐवजी वापरले. त्याला पाहावयाचे, त्याला काय जड जाते ते शोधावयाचे, त्या कष्टातून मी सुटलो आणि सुटकेला भक्तीचे नाव दिले. समदृष्टी म्हणजे सर्वांकडे सारखेच न पाहणे, असे आपण नकळत करून ठेवले आहे काय? विठ्ठल सर्वांभूती आहे म्हणावयाचे आणि ज्याच्यात तो आहे त्याची दाढ दुखते हे पाहावयाचे नाही!

आता दुसरी बाजू. न तपासल्याने हानी होते, तशीच नुसत्या तपासण्याने होते.

माझ्या पाहण्यातल्या दुसऱ्या एका घरी लोखंडी पेटीत एक कागद जपून ठेवलेला आहे. मुलगा आठ वर्षांचा असताना एके ठिकाणी एका सकाळी त्याची परीक्षा घेतली आणि कागदावर एक आकडा लिहून दिला. इतका बुद्ध्यंक. आणि तोंडी सांगितले, हा शिकावयाचा नाही, दुसरीकडे पाहा. दुसरीकडे म्हणजे कोठे, ते सांगितले नाही. त्या दिवसापासून घरात त्याला कोणी काही शिकविले नाही, कारण मोठ्या माणसांनी शिक्का मारून दिला होता. तो मुलगा आज बत्तीस शेरडे राखतो, प्रत्येकीला नावाने ओळखतो आणि कोणती व्यायला आली ते आधी सांगतो. त्या सकाळी त्याला शेरडांविषयी कोणी विचारले नसणार. शहरी पोरांनी रोज पाहिलेल्या वस्तूंची चित्रे मात्र दाखविली असतील.

या आकड्याची जन्मकथा वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये सक्तीच्या शिक्षणामुळे सर्व थरांतील मुले शाळेत आली, तेव्हा कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल ते आधी कळावे म्हणून आल्फ्रेड बिने या पंडिताने थेओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली परीक्षा तयार केली. हेतू मदतीचा होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे, असे म्हणणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात कडक टीका केली. १९११ साली ते वारले. तीच परीक्षा समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली, तेव्हा मात्र न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या गोरगरीब परदेशी लोकांना मंदबुद्धी ठरविण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. थापटणे तेच होते. आतला हात काढून घेतला होता.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात ही परीक्षा मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसविली. हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला मूल उत्तर देत नसेल तर ते अडाणी ठरत नाही, एवढी साधी न्यायबुद्धी त्यात आहे. ती परीक्षा बिने-कामत या नावाने अजून चालते. पण नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांवरून घातलेली मापे आजच्या मुलाला तशीच लावली तर काय होईल, याचा विचार तपासणाऱ्याने करावयाचा असतो. माप जुने झाले म्हणजे धान्य खोटे ठरत नाही.

आणखी एक. नामदेवराय थापेला कुरकुरले, त्याचा अर्थ गोरोबाकाकांना लागला, कारण काका नामदेवरायांना ओळखत होते. एखादे मूल अंगाला हात लावताच किंचाळते, ते हट्टाने असेल, भीतीने असेल, त्याच्या कातडीला तो स्पर्श खरोखरच सोसत नसेल, अथवा त्याचे पोट दुखत असेल. एका सकाळी, अनोळखी खोलीत, पांढऱ्या कोटासमोर याचा निकाल कसा लागावा? म्हणून चांगले तपासणारे आईला, बापाला, शिक्षकाला विचारतात, मुलाला खेळताना पाहतात, पहिल्याने कान तपासतात आणि काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली स्वमग्नतेसाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय पद्धत तयार केली. तीतही मुलाला पाहणे नि घरच्यांना विचारणे हाच पाया आहे.

मग कागद घ्यावा की न घ्यावा? आळंदीच्या त्या चार भावंडांची कथा इथे आठवते. संन्याशाची पोरे म्हणून त्यांना वाळीत टाकले आणि सांगितले, पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणा. तो कागद कशासाठी मागितला होता? तुम्ही आमच्यात बसण्यास लायक आहात काय, हे ठरविण्यासाठी. सिद्धतेचा सारा भार लेकरांच्या माथ्यावर. ज्ञानोबांनी तिथे रेड्यामुखी वेद बोलविले आणि मोजणाऱ्यांचे मापच बाजूला ठेवून दिले.

आजचे दिव्यांग प्रमाणपत्र पुष्कळ आईबापांना त्या शुद्धिपत्रासारखेच वाटते. पोरावर डाग लागेल, बहिणीचे लग्न मोडेल, असे ते म्हणतात. त्यांचे भय मी खोटे म्हणत नाही. सोयरीक जमविताना काय काय विचारले जाते ते मला ठाऊक आहे. परंतु हा कागद उलट्या दिशेने चालतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची नोंद आहे. त्यांत स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमता आहे, आणि वाचन-लेखन-गणिताची विशिष्ट अडचण, जिला डिस्लेक्सिया वगैरे म्हणतात, तीही आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाण ठरले तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. वाचनाची अडचण असणाऱ्या मुलांना परीक्षेत सवलत देण्याचे तर महाराष्ट्राने १९९६ सालीच मान्य केले. या कागदात मुलाने काय सिद्ध करावे हे लिहिलेले नसते. आपण त्याला काय देणे लागतो ते लिहिलेले असते. कोणताही कागद हाती आला की एवढेच विचारावे: हा माझ्या लेकराला दाराबाहेर ठेवतो, की दार उघडतो? आणि उद्या सकाळपासून त्याच्यासाठी मी काय वेगळे करू, हे यावरून मला कळते काय? कळत नसेल तर तपासणाऱ्याला तिथेच, उठण्यापूर्वी, विचारावे. लाजू नये.

त्याच कथेत आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले. तो भागही अजून संपलेला नाही. मूल वेगळे निघाले की पहिले बोट आईकडे जाते. ग्रहणात विळीला हात लावलास, अमक्याचा तळतळाट घेतलास, कामावर गेलीस. हे केवळ आमच्या खेड्यांत होते असे कोणी समजू नये. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला नाव दिले. त्यानंतर पंचवीसएक वर्षे मोठमोठे विद्वान सांगत होते की आईची माया थंड असते म्हणून मूल असे होते. पुढे अभ्यासांती ते साफ चुकीचे ठरले. हा वेगळेपणा बहुतांशी जन्मापूर्वीच, मेंदूच्या घडणीत, आनुवंशिक कारणांनी येतो. लसीने तो येत नाही; तसे सांगणारा १९९८ चा निबंध छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला. तेव्हा ज्या माउल्या हे वाचीत असतील किंवा वाचून घेत असतील, त्यांनी हे ओझे आज खाली ठेवावे. प्रारब्धाचा शब्द आपण संतांकडून शिकलो, पण तो स्वतःचे दुःख सोसण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या लेकराचे दुखणे पाहून तोंड फिरविण्यासाठी नाही.

कोठे जावे, हे मला त्या रात्री ठाऊक नव्हते. आज जे ठाऊक आहे ते सांगतो. वर्षाचे मूल नाव घेतल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊन बोटाने काही दाखवीत नसेल, एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडीत नसेल, किंवा बोलत होते ते बंद झाले असेल, तर मामा उशिरा बोलला होता, असे म्हणत थांबू नये. अंगणवाडीत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा नि शाळेत एकदा यावयाची असतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत ही तपासणी विनामूल्य आहे. तेथून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवितात. निदान पक्के होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. मुलाशी रोज बोलणे, खेळणे, दाखविणे हे आजच सुरू करता येते. अक्षरे उलटी काढणाऱ्या पोराला मात्र सहाव्या वर्षीच शिक्का लावू नये. वाचनाच्या अडचणीची परीक्षा आठव्या वर्षाच्या सुमारास विश्वासाने होते. तोवर छडी नको, जवळ बसून शिकविणे हवे. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली कामायनी काढली, मुंबईत १९४४ सालीच जय वकील शाळा निघाली. शहरांत जुनी वाट आहे. आमच्या खटाव-माणच्या वाड्यावस्त्यांतून ती अजून लांब पडते. एसटीचे दोन फेरे आणि बापाची एका दिवसाची मजुरी, एवढा खर्च प्रत्येक खेपेला असतो. उपदेश करणाराने तो आधी मोजावा.

औंधचे नाव निघाले म्हणजे लोक पंतप्रतिनिधी भवानराव महाराजांच्या सूर्यनमस्कारांची आठवण काढतात. सर्व शाळांतून, सर्व मुलांना, सारखे नमस्कार. त्यात शिस्त होती, गोडी होती. नाही म्हणवत नाही. पण याच राजाच्या संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले, ते मला अधिक मोठे वाटते. खुनाची शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतीवाचून, बेडीवाचून ठेवली. बायकापोरे जवळ आणू दिली, कसावयास जमीन दिली. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर त्यामागे होता. पुढे १९५७ साली शांतारामबापूंनी यावरूनच 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. लेकरांची तुलना बंद्यांशी करीत नाही, कोणी तसा अर्थ घेऊ नये. सांगावयाचे ते पाहण्याच्या रीतीविषयी. हा माणूस किती वाईट आहे, हा प्रश्न कचेरीने आधीच विचारून शिक्षा दिलेली होती. स्वतंत्रपुराने दुसरा प्रश्न विचारला: याला माणसासारखे जगावयास काय काय लागेल? ती शिक्षा पुसली नाही, नि शिक्षेपाशी थांबलेही नाही.

त्या बोलपटाचे लेखक ग. दि. माडगूळकर औंधच्याच शाळेत शिकले आणि गणित सुटले नाही म्हणून मॅट्रिक झाले नाहीत. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून त्यांचे गीतरामायण साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. त्यांना अमुक अडचण होती, असे मी म्हणणार नाही. दिवंगतांची तपासणी करू नये. आणि असे दाखले देताना मला अलीकडे संकोचही वाटतो. वेगळ्या मुलाने थोर निघालेच पाहिजे, ही एक नवीनच सक्ती होऊन बसते. शेरडे राखणारा तो मुलगा काही महाकवी होणार नाही. स्वमग्न मुलगा कदाचित कधीच घडघडा बोलणार नाही. तरीही त्याची दाढ तपासावयाची, ती तो पुढे कोणी मोठा होईल म्हणून नव्हे. त्याला दुखते म्हणून.

त्या मुलाच्या आईची मी पुढे घरी जाऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, "बुवा, तुमी त्या राती येवढं तरी बोललासा. बाकीच्यांनी तोंड फिरवलं हुतं." मला ते शब्द क्षमेपेक्षा जड गेले. शब्दांत माया होती, म्हणूनच ते तिने चार वर्षे धरून ठेवले.

मागच्या आषाढीला ती माउली मुलासह आमच्या दिंडीत चालली. पहिल्याच दिवशी प्रश्न आला. टाळांचा गजर सुरू झाला की तो कानांवर हात ठेवून रस्त्यात बसे. काही जुन्या मंडळींचे म्हणणे पडले, वारीत येऊन टाळ सोसत नसेल तर पोराला आणावेच कशाला? दुसरे म्हणाले, मग भजन बंद ठेवा. दोन्ही पटण्यासारखे नव्हते. विणेकऱ्यांनी तोड काढली: पताकावाले सर्वांत पुढे असतात, तेथे आवाज कमी पोचतो, त्यांच्याही शंभर पावले पुढे आई नि मुलाने चालावे, एक तरुण सोबतीला द्यावा, गळ्यातली चित्रे भिजू नयेत म्हणून त्यांस प्लॅस्टिकचे पाकीट करावे. मुलाला पताकेचा दांडा धरावयास आवडला. लोणंदपासून फलटणपर्यंत तो तशाच चालीने चालला. दुपारच्या विसाव्याला त्याने पाण्याचे चित्र माझ्या पुढ्यात धरले, तेव्हा मला वाटले की मलाच काही दाखवितो आहे, नि मी चित्राचे कौतुक करू लागलो. सोबतचा तरुण म्हणाला, "बुवा, त्याला तहान लागली."

यंदा चांदोबाच्या लिंबापाशी उभ्या रिंगणाच्या वेळी त्याला कोठे थांबवावे, हे अजून ठरलेले नाही. गर्दी फार, वरून ध्वनिक्षेपक. दिंडीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा कोणी म्हणाले गाडीत बसवू, कोणी म्हणाले त्या दिवशी मुक्कामीच ठेवू. आई म्हणाली, घोड्याचं चित्र करून आणते, आधी त्यालाच विचारू.